‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणजे टायफॉइडच का?

ताप तिसऱ्या दिवशीही हटला नाही की कुणीतरी सुचवतंच, ‘एकदा विडाल करून घ्या.’ संध्याकाळी रिपोर्ट येतो, त्यातला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचला जातो आणि अँटिबायोटिक सुरू होतं. ती चाचणी नेमकं काय मोजते, हे रुग्णाला बहुधा कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विडाल चाचणी जंतू शोधत नाही. साल्मोनेला टायफी या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं ती मोजते. फ्रान्सच्या जॉर्ज-फर्नांड विडाल यांनी ती १८९६ साली मांडली. ही प्रतिपिंडं चाचणीत दिसण्याइतकी वाढायला साधारण आठवडा लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशी खरा टायफॉइड असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. उलट पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, घेतलेली लस, साल्मोनेलाच्या दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग, क्वचित मलेरियासुद्धा तिला पॉझिटिव्ह करतो. आपल्याकडे अनेकांच्या रक्तात अशी जुनी प्रतिपिंडं असतातच. त्यामुळे एकाच विडालवर निदान ठरवणं चूक आहे. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी केलेलं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, जास्त विश्वासाचं. मात्र तेही साधारण निम्म्या रुग्णांतच जंतू पकडतं, त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर टायफॉइडचा विचार लगेच सोडत नाहीत.

शरीर इतकं उशिरा का जागं होतं? दूषित पाण्यातून वा अन्नातून आलेला जंतू जठरातल्या आम्लातून वाचला, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेयर्स पॅचेस नावाच्या संरक्षक पेशींच्या पुंजक्यांमधून आत शिरतो. तिथे जंतू गिळून मारणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, पण तो मरत नाही. त्यांच्याच पोटात बसून तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत पोचतो आणि वाढतो. शिवाय त्याच्यावर ‘व्हीआय’ नावाचं शर्करेचं आवरण असतं. त्यामुळे संरक्षक पेशींना तो चटकन ओळखू येत नाही. संसर्गानंतर पहिला ताप यायला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात ते यामुळे. पुढे टी-पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशद्रव्य सोडून मॅक्रोफेजना बळ देतात, तेव्हा कुठे आत लपलेला जंतू मरू लागतो. म्हणून योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला काही दिवस जातात. ताप गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडणं धोक्याचं आहे, कारण पूर्ण उपचारानंतरही काही रुग्णांत आजार दोन-तीन आठवड्यांनी उलटतो.

‘पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणजे व्हायरल’ हेही खरं नाही. टायफॉइडमध्ये त्या बऱ्याचदा नेहमीइतक्या किंवा कमीच असतात.

‘प्रतिकारशक्ती कमी म्हणून झाला’ हे वाक्य तर आजाऱ्याला विनाकारण दोषी ठरवतं. अमेरिकेत मेरीलँड इथे गेल्या शतकाच्या मध्यावर धडधाकट स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. एक लाख जंतू पोटात गेल्यावर चारातल्या एकाहून थोडे जास्त आजारी पडले, एक अब्ज गेल्यावर जवळजवळ सगळेच. एकदा बरे झालेल्यांना पुन्हा जंतू दिले, तेव्हा त्यांतलेही काही जण पुन्हा आजारी पडले. ‘एकदा झाला की परत होत नाही’ ही समजूत तिथेच खोटी ठरली.

आजाऱ्याला पोळी दिली तर आतडं फाटेल, या भीतीने कित्येक घरांत त्याला पेजेवर ठेवतात. आतड्याला भोक पडतं ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात, पेयर्स पॅचेस सुजून तिथल्या ऊती मेल्यामुळे. झुंजणाऱ्या शरीराला अन्न हवंच. मऊ, पचेल असं, पण पोटभर.

बरं वाटलं की जंतू गेला, हेही दरवेळी खरं नसतं. थोड्या लोकांत, विशेषतः पित्ताशयात खडे असणाऱ्यांत, तो पित्ताशयात वर्षानुवर्षं टिकतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, तरी तिच्या हातच्या अन्नातून लोकांना टायफॉइड होत राहिला.

राहिली लस. जुनी लस नुसत्या व्हीआय आवरणाची होती. दोन वर्षांखालच्या मुलांवर तिचा उपयोग होत नसे आणि तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागे. नव्या काँज्युगेट लशीत तेच आवरण एका प्रथिनाला जोडलेलं असतं, त्यामुळे टी-पेशीही कामाला लागतात. ती सहा महिन्यांच्या बाळापासून, एका डोसात देता येते. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ही लस आपल्या मुलांना देण्याची मोहीम घेतली. जगात सार्वजनिक कार्यक्रमात ही लस पहिल्यांदा वापरली गेली ती तिथेच.