भरवसा कशावर?

पहिल्या शतकातल्या रोमन साम्राज्यात कैद्याच्या पोटाची काळजी बहुतेकदा बाहेरच्या माणसांनाच घ्यावी लागे. अशा कैदेतून पौलाने मासेदोनियातल्या फिलिप्पै इथल्या मंडळीला पत्र लिहिले. त्या मंडळीने एपफ्रदीताबरोबर त्याला मदत पाठवली होती, आणि हा एपफ्रदीत मधल्या काळात आजारी पडून मरणाच्या दारी जाऊन आला होता. मदतीची पोच देताना चौथ्या अध्यायात पौल सांगतो की, भरल्या ताटावर असो की उपाशीपोटी, समाधानी राहायला आपण शिकलो आहोत. ख्रिस्ती समाधानाविषयीचा सर्वांत प्रसिद्ध उतारा पैसे मिळाल्याच्या पोचपावतीत आहे, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. पौल मदत परत करत नाही, पैशाला नावेही ठेवत नाही. तो मनापासून आभार मानतो, पण मदत आली नसती तर आपले सगळे संपले असते, असे त्याला वाटत नाही.

देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा आक्षेप डोंगरावरील प्रवचनातल्या पाखरांच्या दाखल्यावरून घेतला जातो. पण तिथे मनाई आहे ती उद्याच्या चिंतेला. आजच्या कष्टाला कुणी मना केलेले नाही. पौल स्वतः करिंथात तंबू करून पोट भरत होता. आपल्याकडचा याहून ठळक दाखला पंडिता रमाबाईंचा. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही संस्था काढली, तेव्हा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत कबूल केली होती. मुदत संपल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. विश्वास होता म्हणून त्यांनी तजवीज सोडली नाही. मात्र १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. इतक्या तोंडांना पुरेल एवढा पैसा हाती नव्हता. आधी पैसा, मग माणूस, हा क्रम त्यांनी मानला नाही. आलेल्यांना केडगावच्या त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात शेती, विणकाम, पुढे छापखान्याचे काम शिकवले. ब्रिस्टलला कुणापाशी पैसे न मागता प्रार्थनेच्या बळावर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांची हकिगत रमाबाईंनी वाचली होती. म्युलर दरवर्षी अहवाल छापत, म्हणजे आडून मागतच होते, असे कुणी म्हणेल. अहवाल वाचून लोक देत असतील, हे खरेच. पण लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांपुढे मांडल्याने देवावरचा भरवसा उणा कसा होतो?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. समाधानाचा उपदेश गरिबाला गप्प बसवायला वापरतात. हे घडले आहे, ख्रिस्ती समाजातही घडले आहे, आणि ते पाप आहे असेच म्हटले पाहिजे. कारण शास्त्राचा रोख वेगळा आहे. कोठारे मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला येशूने दिला तो वडिलार्जित वतनाची वाटणी मागणाऱ्याच्या निमित्ताने. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची मजुरी अडवणाऱ्या श्रीमंतांना सरळ फटकारले आहे. समाधान माणसाने स्वतःला शिकवायचे, दुसऱ्याच्या रिकाम्या ताटापुढे सांगायचे नाही. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. म्हणून त्यांनी आधी जेवायला घातले.

देवाला द्या म्हणजे देव दामदुपटीने देईल, असाही उपदेश हल्ली ऐकू येतो. हा भरवसा शेवटी मालावरच आहे, आणि कैदेत बसलेल्या पौलाला त्यात जागा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोष दिला आहे तो धनाच्या लोभाला. धनवानांना सांगितले आहे ते चंचल धनावर आशा न ठेवता सढळ हाताने देण्याचे. विमा उतरवला, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला ठेवले, म्हणून विश्वासाला बाधा येत नाही. केलेली तरतूद कधीच पुरी वाटेनाशी होते आणि देणे दरवेळी पुढच्या वर्षावर जाते, तेव्हा मात्र थांबून पाहायला हवे. वर्षाचा जमाखर्च लिहायला बसाल, तेव्हा किती साठले याच्या शेजारी किती दिले, तेही लिहा.