पहारेकऱ्याला दिसलं कसं नाही?

निन्जांची कादंबरी वाचलीय का कुणी? इगाचे निन्जा आणि कोगाचे निन्जा, एकमेकांचे हाडवैरी! छपरांवरून उड्या काय, भिंतीवर सरसर चढणं काय, आणि पहारेकऱ्याला पत्ताच नाही. (खरं तर इगा आणि कोगा हे जपानमधले शेजारशेजारचे मुलूख. त्यांचं वैर कादंबरीत असतं तेवढं नव्हतं. पण वैरच नसेल तर कादंबरी वाचणार कोण?) दोन्हीकडची विद्या १६७६ साली 'बान्सेनशुकाई' नावाच्या एकाच ग्रंथात आली. त्यात हत्यारं आहेतच, पण आभाळाचा अभ्यासही आहे!

तो कशाला? त्यासाठी जरा आपल्याकडं या. ६ मार्च १६७३. कोंडाजी फर्जंद अवघे साठ गडी घेऊन रात्री पन्हाळा चढला आणि गड घेतला. तिथी होती फाल्गुन वद्य त्रयोदशी, म्हणजे चंद्र उगवणार थेट पहाटे. तानाजी मालुसरे कोंढाणा चढले ती माघ वद्य नवमी, साल १६७०. त्या तिथीला चंद्र उगवतो मध्यरात्र उलटल्यावर. आणि १६६३ चा लाल महालातला छापा? चैत्र शुद्ध अष्टमी. आता म्हणाल, हा तर चांदण्याचा पंधरवडा! हो, पण अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, आणि छापा पडला तो त्यानंतर.

अंधार तर दोघांनाही सारखाच. मग चढणाऱ्याला दिसतं आणि पहारेकऱ्याला नाही, असं कसं? समजा, तुम्ही परंड्याच्या किल्ल्यावर मशालीशेजारी पहारा देताय. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात रंग दाखवतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन असतं. भगभगीत उजेडात ते झपाट्यानं विघटित होतं, आणि पुन्हा पुरेसं तयार व्हायला वीस-तीस मिनिटं तरी लागतात. मशालवाल्याचं ऱ्होडॉप्सिन सतत उडालेलं. तटाखालचा गडी मात्र कधीचा अंधारात बसलेला!

कळंबात रात्री लाइट गेली की आधी मिट्ट काळोख, मग हळूहळू रांजण, दोरीवरचे कपडे, समोरचं लिंबाचं झाड दिसायला लागतं ना? तेच हे. फक्त तेवढ्यात कुणी मोबाइलची बॅटरी लावली की झालं, पुन्हा पहिल्यापासून.

अजून एक गंमत. नजरेच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतातच. म्हणून हिवाळ्यात गच्चीवरून कृत्तिकेचा पुंजका बघताना थेट त्याच्याकडं बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा. तारे जास्त दिसतात!

आणि आज रात्री हे करून बघा. खोलीत दिवा चालू असताना एक डोळा तळहातानं झाका, पंधरा-वीस मिनिटं. मग दिवा बंद करून आधी उघड्या डोळ्यानं बघा, नंतर झाकलेल्या. कुठला डोळा मशालवाल्याचा आणि कुठला कोंडाजीच्या गड्याचा, ते तुम्हीच सांगा.