ऊन पाण्याची कुंडे

गावाचे नाव पुष्कळदा गावाची माहितीही सांगून जाते. दापोली तालुक्यात उन्हवरे नावाचे गाव आहे. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे आहे. राजापूरजवळच्या एका गावाचे नाव तर सरळ उन्हाळे असेच आहे. कोकण सोडून खानदेशात गेलात तर चोपडे तालुक्यात उनपदेव भेटतो, आणि पार पूर्वेला, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, उनकेश्वर. या सगळ्या नावांत एक 'ऊन' बसलेले दिसते. हे आकाशातले ऊन नव्हे. आपण घरी 'ऊन ऊन भात' म्हणतो, म्हातारी माणसे आंघोळीला 'ऊन पाणी' मागतात, त्यातले हे ऊन. या प्रत्येक ठिकाणी जमिनीतून आपोआप ऊन पाणी वर येते. ते कोणी तापवीत नाही, कोणी उपसत नाही.

आपल्याकडे अशा झऱ्यांची सर्वांत लांब रांग कोकणात आहे. पालघर तालुक्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, सुमारे ३०० किलोमीटरांच्या अंतरात अशी अठराएक ठिकाणे आहेत. तानसा नदीच्या काठची अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची. शेजारीच वज्रेश्वरीचे देऊळ आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी जिला नवस केला, तीच ही देवी. मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघालात तर चिपळूण सोडल्यावर आरवली लागते, मग तुरळ, आणि तेथून जवळच राजवाडी. तिन्ही ठिकाणी कुंडे आहेत. एस. टी.तून उतरून पायी जाता येते. साऱ्या भारतात मिळून असे झरे सुमारे ३४० असल्याची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने केलेली आहे. हिमाचल प्रदेशातील मणिकर्णाचे पाणी तर असे कढत, की तेथे भांडे झऱ्यात ठेवून भात शिजवतात.

आता हे पाणी तापते कशाने? कुंडावर जाऊन चार माणसांना विचारा, चार उत्तरे मिळतील. देवीने मारलेल्या राक्षसांचे हे रक्त आहे, असे वज्रेश्वरीच्या परिसरात सांगतात. ती कथा झाली, तिची जागा वेगळी. पण शिकलेली माणसे जी दोन उत्तरे देतात ती मात्र तपासून पाहण्यासारखी आहेत. एक म्हणजे, खाली ज्वालामुखी आहे. दुसरे, खाली गंधकाची खाण जळते आहे. दोन्ही चूक. कोकणचा आणि देशावरचा काळा पाषाण हा लाव्ह्याचाच झालेला आहे हे खरे, परंतु तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो केव्हाच थंडगार झाला. कालच्या चुलीची राख आज ऊब देत नाही, मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची चूल कोठून देणार? आणि गंधक जळायचे तर हवा हवी. जमिनीच्या पोटात एवढी हवा आहे कोठे?

खरी गोष्ट याहून साधी आहे. जमीन खाली खाली गरम होत जाते. फक्त कोकणातली नव्हे, तुमच्या शेताखालची जमीनसुद्धा. पृथ्वी घडली तेव्हाची उष्णता तिच्या पोटात अजून शिल्लक आहे, आणि खडकांतील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम ही द्रव्ये हळूहळू विघटन पावताना त्यात भर घालीत असतात. कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिच्या विहिरी तीन किलोमीटरांहूनही खोल गेल्या होत्या. तेथे ना ज्वालामुखी, ना गंधक. तरी तळाचा खडक हाताला चटका देण्याइतका तापलेला असे, आणि मजुरांना काम करता यावे म्हणून वरून थंड केलेली हवा खाली सोडावी लागे.

शिक्षकांनी हे गणित फळ्यावर घालून दाखवावे. पुष्कळ ठिकाणी दर किलोमीटर खोलीला उष्णता २५ ते ३० अंशांनी वाढते. (सगळीकडे सारखी नाही. कोलारकडे ती यापेक्षा बरीच सावकाश वाढते.) पावसाचे पाणी वर २७ अंशांचे धरा. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास आहे. फरक झाला ४३ अंशांचा. त्याला ३० ने भागा. उत्तर येते सुमारे दीड किलोमीटर. वर येताना पाणी थोडे निवते, म्हणून प्रत्यक्षात ते याहूनही खोल जाऊन आलेले असणार. म्हणजे तुमच्या हातावर पडणारी ती कढत धार दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन परत आलेली आहे!

पण मुळात ती धार आली कोठून? तर पावसातून. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बहुतेक वाहून जातो, पण थोडा खडकांच्या भेगांतून खाली उतरतो. पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण मोजून शास्त्रज्ञांनी पाहिले, तेव्हा या झऱ्यांचे पाणी मूळचे पावसाचेच ठरले. कोकणपट्टीत सह्याद्रीला जवळजवळ समांतर अशा खडकांच्या मोठ्या भेगा आहेत. त्यांतून पाणी खोल जाते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर चढते. चढते का? रबरी नळीत पाणी भरा आणि एक टोक उंच धरा. दुसऱ्या टोकाने पाणी उसळेल. डोंगर म्हणजे उंच धरलेले टोक, कोकण म्हणजे खालचे. शिवाय तापलेले पाणी हलके होते, तेही त्याला वर ढकलते. झरे असे रांगेत का सापडतात, याचे उत्तरही या भेगांतच आहे.

जाता जाता एक घोटाळा दूर करतो. उन्हाळे गावी गोमुखातून पडणारी ऊन पाण्याची धार वेगळी आणि जवळच प्रकटणारी राजापूरची प्रसिद्ध गंगा वेगळी. गंगा काही काळ येते आणि जाते. उन्हाळ्याची धार अखंड चालू असते. गंगा आली की यात्रेकरू दोन्हीकडे स्नान करतात, त्यामुळे पुष्कळांच्या मनात दोन्ही एकच होऊन बसतात.

एवढ्या खोल प्रवासात गरम पाणी खडकांतले क्षार विरघळवून घेते. कोकणच्या कुंडांत मुख्यतः मिठाच्या जातीचे क्षार आहेत. कुजक्या अंड्यासारखा जो वास काही ठिकाणी येतो तो गंधकाच्या एका वायूचा, आणि आपले नाक त्या वायूला इतके तिखट, की रतिमात्र असला तरी ओळखते. वास आला म्हणजे पाणी गंधकाने भरलेले आहे असे नव्हे. हे पाणी बाटलीत भरून 'औषधी' म्हणून पिण्याची चाल आहे, ती मात्र सोडावी. गरम झऱ्यांत फ्लोराइड जास्त असण्याचा संभव असतो, आणि त्याने दात व हाडे बिघडतात.

आता ज्यासाठी हा विषय मुद्दाम घेतला त्याकडे वळतो. उनपदेव आणि उनकेश्वर ही दोन ठिकाणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर, पण कथा दोन्हीकडे एकच. शरभंग ऋषींना त्वचेची व्याधी जडली होती. प्रभू रामचंद्रांनी बाण मारून जमिनीतून ऊन पाणी काढले आणि त्या स्नानाने ऋषी बरे झाले. कथा गोड आहे. रामाला एका आजारी माणसाची कणव आली, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. पण तिचा परिणाम असा झाला आहे, की अंगावर चट्टा उठला की घरचे म्हणतात, 'जा, कुंडावर पाच रविवार न्हाऊन ये.' पाच रविवारांचे पाच महिने होतात, आणि दवाखाना राहून जातो.

ऊन पाण्याने काय होते हे आधी सांगतो, म्हणजे मी कुंडाच्या विरुद्ध आहे असे वाटायला नको. दिवसभर भाताच्या खाचरात वाकून काम केलेल्या माणसाची कंबर ऊन पाण्यात बसल्यावर मोकळी होते. आखडलेले स्नायू सैल पडतात, गुडघ्यांचा ठणका कमी होतो. खरजेची खाजही घटकाभर थांबते. एवढे खरे. परंतु खरजेचा किडा आंघोळीने मरत नाही, त्याला औषधच लावावे लागते, आणि तेही घरातल्या सगळ्यांनी एका वेळी.

कुष्ठरोगाचे तर याहून वेगळे आहे. हा रोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सेन या डॉक्टरांनी तो जंतू १८७३ साली दाखवून दिला. तो कातडीत आणि मज्जातंतूंत राहतो, म्हणून चट्ट्याच्या जागची संवेदना जाते. टोचले तरी कळत नाही, भाजले तरी कळत नाही. आता विचार करा. ज्या माणसाला ऊन पाणी ऊन लागतच नाही, त्यालाच आपण कढत कुंडावर पाठवतो!

मी एकदा विद्यार्थ्यांची सहल घेऊन एका कुंडावर गेलो होतो. झरा जिथे फुटतो त्या तोंडाशीच एक गृहस्थ पाय सोडून स्वस्थ बसलेले. आमची पोरे तिथे बोट घालून चटकन मागे घेत होती. 'काका, भाजत नाही का?' एकाने विचारले. 'छे रे, देवाची कृपा आहे,' ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी पाय वर घेतला, तेव्हा घोट्याखालची कातडी फुगून सुटू लागली होती, आणि ते आमच्याकडे हसून पाहत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तेथल्या डॉक्टरांनी भाजलेल्या पायाच्या आधी त्यांच्या पोटरीवरचा फिकट चट्टा पाहिला.

या रोगावर आज खात्रीचा इलाज आहे. दोन-तीन औषधे एकत्र दिली जातात, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. उपचार सुरू झाला की लवकरच रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचे भय राहत नाही, आणि लवकर सुरू केला तर हातापायांची बोटे वाकडी होत नाहीत. प्रत्येक चट्टा कुष्ठाचाच असतो असेही नव्हे. पांढऱ्या कोडाचा कुष्ठाशी काही संबंध नाही. कोडाच्या जागी स्पर्श शाबूत असतो. पण चट्ट्यावर कापसाचा बोळा किंवा पीस फिरवले आणि ते कळले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मधुमेही माणसांचेही असेच. जुना मधुमेह असला की पावले बधिर होतात. अशा माणसाने पाणी पायाने कधीच अजमावू नये. कोपराने अजमावावे, नाहीतर सोबत्याला हात घालून पाहायला सांगावे. ६० अंशांच्या पाण्यात पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजते, आणि तुरळची धार साधारण तेवढीच कढत आहे. उन्हाळ्याचे पाणी चाळिशीच्या थोडे वर आहे, ते बहुतेकांना सोसते. एकाच कुंडातही तोंडाशी आणि दूरच्या काठाशी मोठा फरक पडतो, म्हणून नेहमी दूरच्या काठाने उतरावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. हृदयाचे दुखणे किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. दारू पिऊन तर कोणीच नाही. डोके पाण्याखाली घालून डुबकी मारू नये. साचलेल्या कोमट पाण्यात क्वचित एक सूक्ष्म जीव असतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर माणूस सहसा वाचत नाही. तोंडावर पाणी घ्यायचे तर घरून आणलेल्या तांब्यातले घ्यावे.

कुंडाजवळच्या शाळांच्या शिक्षकांना एक काम सुचवतो. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक दोरीला बांधून न्यावा. तापाचा, घरातला नेऊ नये, तो ४२ अंशांच्या पुढे मोजत नाही आणि फुटेल. झऱ्याच्या तोंडाशी, कुंडाच्या मध्यावर आणि बाहेर जाणाऱ्या पाटात, असे तीन ठिकाणी मोजावे. ज्येष्ठात, पौषात आणि वैशाखात एकेकदा मोजून वहीत लिहावे. शेजारच्या विहिरीचे पाणीही मोजावे, म्हणजे मुलांना तुलना करता येईल. मग एका फळीवर ठळक अक्षरात तो आकडा रंगवून ती फळी कुंडाच्या पायरीशी लावावी: 'येथे पाणी इतके अंश. पाय बधिर असल्यास उतरू नये. अंगावर चट्टा असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.' केंद्र कोणत्या गावी आहे आणि कोणत्या वारी उघडे असते, तेही खाली लिहावे.