हाही कागदच, तोही कागदच. मग फरक काय?



गेल्या हंगामात आमच्या गटातील एका गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडून एका सभासदाच्या मुलाचा हात कोपरापर्यंत भाजला. (कारखान्याला नोंदलेला ऊस गुऱ्हाळावर कसा, हा विषय मी त्या दिवशी काढला नाही; आजही काढत नाही.) घरच्यांनी घाईघाईने टूथपेस्ट फासली आणि धूळ बसू नये म्हणून वरून युरियाच्या पोत्याच्या आतला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला तासभर ते सगळे सोडवण्यातच गेला. पोराचे ओरडणे ऐकवत नव्हते. मग डॉक्टरांनी जखमेवर एक ओलसर, पारदर्शक पडदा अलगद ठेवला. ते पाहून बाप मला म्हणाला, "साहेब, हाही कागदच की. मग आमच्या कागदात काय वाईट होतं?"

प्रश्न रास्त होता. मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. पुढे गणपतीला गावी गेलो तेव्हा या विषयाची थोडी उकल झाली, ती आपल्यापुढे मांडतो.

पेणचा काथ्या आणि हाडाचे प्लॅस्टर

माझे मूळ गाव धरमतर खाडीच्या काठचे, पेण तालुक्यातले. पेणच्या गणपतींची ख्याती आपण ऐकून आहात. तेथे शाडूच्या मूर्ती होतात, तशा प्लॅस्टरच्याही होतात. प्लॅस्टरची मूर्ती करताना साच्यात नुसते प्लॅस्टर ओतत नाहीत, आतून काथ्याही घालतात. प्लॅस्टर टणक, पण ठिसूळ. काथ्या चिवट, पण त्याला स्वतःचा आकार नाही. दोन्ही एकत्र आले की पातळ अंगाची पोकळ मूर्ती ट्रकमधून धक्के खात मुंबईला जाते आणि शाबूत उतरते. दोन पदार्थ मिळवून एकट्याला नसलेला गुण आणायचा, याला संमिश्र पदार्थ म्हणतात.

मोडलेल्या हाडाला घालतात ते प्लॅस्टर याच जातीचे. तिथे काथ्याच्या जागी जाळीदार सुती पट्टी असते, एवढेच. हॉलंडच्या सैन्यातील डॉक्टर मॅथिसेन यांनी १८५१-५२ च्या सुमारास ही पट्टी प्रचारात आणली. आज दवाखान्यात वापरात असलेल्या पुष्कळ वस्तूंमागे हीच युक्ती आहे.

बापाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते

पेणहून गोव्याच्या रस्त्याने पुढे गेले की नागोठणे लागते. रोहा तालुक्यातल्या या गावी १९९० च्या सुमारास आय.पी.सी.एल.चा मोठा कारखाना सुरू झाला. आता तो रिलायन्सकडे आहे. वायूपासून तेथे पॉलिथीनचे दाणे तयार होतात. असल्या दाण्यांपासूनच पुढे कागद, पिशव्या आणि पाइप निघतात.

या पॉलिथीनचा जखमेशी जुना संबंध आहे. १९६२ साली इंग्लंडमधील संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या अंगावरील लहान जखमा घेऊन प्रयोग केला. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पडदा लावला. पडद्याखालच्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. जखम कोरडी पडून खपली धरली की बरी होते, हा समज त्यामुळे मागे पडला. जखमेला ओल लागते, फक्त ती स्वच्छ हवी.

म्हणजे पॉलिथीन वाईट नाही. वाईट होता तो भरवसा नसलेला कागद. पोत्यातला कागद खताला लागून आलेला, कुणाच्या हाताखालून गेलेला, कोपऱ्यात उंदरांच्या संगतीत पडलेला. त्यात रंग किंवा जुने प्लॅस्टिक किती मिसळले, हे कोण सांगणार? शिवाय तो वाफ बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे खाली पाणी साचते.

खाडीपलीकडचा पडदा

धरमतरची खाडी मुंबई बंदराला मिळते. त्या पाण्यापलीकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. भाजलेल्या जखमेसाठी तेथील शास्त्रज्ञांनी जेलचा पडदा तयार केला. त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (नाव दारूचे, पण ही दारू नव्हे), समुद्री शेवाळापासून निघणारे अगर व कॅराजिनन आणि पुष्कळसे पाणी असते. हे मिश्रण पाकिटात बंद करून त्यावर किरण सोडतात. किरणांनी आतले धागे एकमेकांत गुंततात आणि जेल घट्ट होते. त्याच किरणांनी जंतूही मरतात. पाकीट पुन्हा उघडायचे ते थेट जखमेपाशी. हा पडदा थंडावा देतो, आरपार दिसतो आणि काढताना चिकटत नाही. किरण दिल्याने वस्तू किरणोत्सर्गी होत नाही. तुर्भ्यालाच १९७४ पासून आयसोमेड या केंद्रात कोबाल्टच्या किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक केल्या जात आल्या आहेत.

महाग वस्तूच भरवशाची असते असेही नाही. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या उकडलेल्या सालींची पट्टी भाजलेल्या रुग्णांना लावली. १९८५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली. मात्र या पट्ट्या रुग्णालयात निगुतीने करून निर्जंतुक केलेल्या असतात. घरची कच्ची साल किंवा परसातले पान म्हणजे ती पट्टी नव्हे.

बेण्याचाच न्याय

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. एका फडात एकदा एकरी शंभर टन निघाला म्हणून त्या उसाची आम्ही शिफारस करत नाही. पाडेगावला नवा वाण अनेक हंगाम, निरनिराळ्या जमिनींत लावून बघतात. पुढे शुद्ध बेणेमळा राखावा लागतो, नाहीतर तोच वाण चार वर्षांत बिघडतो. औषधी पडद्याचेही तसेच. एक पडदा चांगला निघणे सोपे आहे. हजारावा पडदा पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. तीच जाडी, एकही भोक नाही, एकही जंतू नाही. खरी मेहनत तिथे आहे.

हे सांगायचे आणखी एक कारण आहे. साखरेपासून जिवाणूंच्या मदतीने लॅक्टिक आम्ल करतात (दह्यात असते तेच) आणि त्यापासून पीएलए नावाचे प्लॅस्टिक होते. जेजुरीला प्राज कंपनीचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. याच कुळातल्या पदार्थांपासून अंगात आपोआप विरघळणारे टाके, हाडाचे स्क्रू आणि पातळ पडदे बनतात. त्यामुळे 'उद्या उसाला सोन्याचा भाव' अशी भाषा कानावर येते. सभासदांनी हुरळून जाऊ नये. चहाच्या कपाला चालणारे पीएलए शरीरात चालत नाही. त्यासाठी शुद्धता, तपासणी आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालील परवाना लागतो. ही वाट लांबची आहे, पण ती आपल्या मालापासून सुरू होते, हेही विसरू नये.

तोवर घरी काय करावे?

१. भाजलेल्या भागावर लगेच वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये.
२. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे.
३. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. फोड फोडू नयेत.
४. स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल झाकून दवाखाना गाठावा.

त्या मुलाचा हात आता बरा आहे. यंदा तो मोळ्या उचलतो. त्याच्या बापाला मी उत्तर दिले ते असे: "कागद तुमचाही होता आणि डॉक्टरांचाही. त्यांच्या कागदाची हमी घ्यायला कुणीतरी होतं."

– ऊस विकास अधिकारी