‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे पेट घेणारे!

इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग बहुतेक वेळा नकार दाखवतो. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे, ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे. त्याच चालीवर ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा समज सहज होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. शब्दाचे मूळ लॅटिन ‘इन्फ्लामारे’, म्हणजे पेटवणे. त्यातला ‘इन’ नकाराचा नाहीच. ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इन्फ्लॅमेबल’ दोन्हींचा अर्थ एकच: ज्वालाग्राही. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने हा धोका ओळखून १९२०च्या दशकातच ‘फ्लॅमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही आज हाच शब्द आहे. आपल्याकडे पेट्रोलच्या टँकरवर मात्र अजून ‘हायली इन्फ्लॅमेबल’ रंगवलेले दिसते. शेजारी ठळक ‘अतिज्वालाग्राही’ लिहिले, तर शंकेला जागाच उरणार नाही. न पेटणाऱ्या वस्तूसाठी शब्द आहे ‘नॉन-फ्लॅमेबल’. कारखान्यात, गोदामात सूचना लिहिणाऱ्यांनी ‘फ्लॅमेबल’च लिहावे. आणि घरातल्या एखाद्या डब्यावर ‘इन्फ्लॅमेबल’ दिसले, तर तो शेगडीपासून लांब ठेवा.