सूचीतली भुतं

डेलॉइट या सल्लागार कंपनीने ऑस्ट्रेलिया सरकारला फीचा काही भाग परत केला, ही ऑक्टोबर २०२५ मधली बातमी बहुतेकांनी 'एआय'ची फजिती म्हणून वाचली आणि पान उलटलं. सरकारसाठी केलेला अहवाल २३७ पानांचा, फी सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि संदर्भांच्या यादीत कुणी कधीच न लिहिलेले ग्रंथ आणि निबंध. वर एका निवाड्यातलं अवतरण, जे त्या निवाड्यात नाहीच. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढ्यात टाकलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, अशी समजही न्यायालयाने दिली.

यंत्र थापा मारतं हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. मला उत्सुकता होती ती ऑस्ट्रेलियातली थाप पकडली कुणी याची. सिडनी विद्यापीठातले ख्रिस रज हे आरोग्य आणि समाजकल्याण कायद्याचे अभ्यासक. अहवालाच्या यादीत त्यांना आपल्याच विद्यापीठातल्या एका सहकारी प्राध्यापिकेच्या नावावर एक पुस्तक दिसलं. विषय तिच्या अभ्यासाबाहेरचा, आणि असं पुस्तक आल्याचं कधी कानावर नाही. तिथेच संशय आला. कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही. यादी वाचणारा एक जाणकार पुरला.

अडचण अशी की यादी वाचणारी माणसं फार थोडी. आणि ही अडचण चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीची आहे. 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' नावाचा एक निबंध आहे. लेखक व्हॅन डर गीअर आणि मंडळी, साल २०००. जवळपास चारशे शोधनिबंधांनी त्याचा आधार घेतल्याची नोंद सापडते. लायडनचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग तो शोधायला गेले, तर निबंध नाही, आणि ज्या नियतकालिकात तो छापला म्हणतात तेही नाही. २०१७ मध्ये उलगडा झाला. संदर्भ कसा लिहायचा हे दाखवण्यासाठी एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांच्या सूचनापत्रात दिलेला तो नमुना होता. कुणी तो पुसायला विसरलं, कुणी बहुधा खरा समजून उचलला, आणि परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक या सगळ्यांच्या नजरेखालून तो बिनबोभाट छापला गेला.

याहून बोचरा पुरावा लॉस एंजलिसच्या मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी या दोघांनी २००३ च्या सुमारास मांडला. त्यांनी एक गाजलेला निबंध घेतला, ज्याचा उल्लेख ४,३०० वेळा झाला होता. त्यांतल्या १९६ उल्लेखांत छापील चुका होत्या: खंड चुकलेला, पान चुकलेलं, साल चुकलेलं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५ भरल्या, आणि पानाच्या आकड्यातली एकच चूक तब्बल ७८ वेळा आली होती. दोन उत्तरपत्रिकांत उत्तर बरोबर आलं तर पर्यवेक्षकाला काही वाटत नाही. चूक हुबेहूब सारखी आली की तो बाकामागे जाऊन उभा राहतो. इथेही तेच. अठ्ठ्याहत्तर जणांची बोटं स्वतंत्रपणे त्याच आकड्यावर घसरणं शक्य नाही. दुसऱ्याच्या यादीतली ओळ उतरवून घेतलेली होती. यावरून दोघांनी गणित मांडलं की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचलेले साधारण पाचात एक असावेत. हा आकडा मला थोडा कडक वाटतो. लेख वाचून झाल्यावरही आळसापोटी ओळ दुसरीकडून उतरवणारे असतातच. पण पाचात दोन धरले तरी चित्र काही फारसं सुधारत नाही.

आता आपल्या घरात येऊ. इथे सगळा हिशेब टक्केवारीत चालतो. पीएच.डी. करणाऱ्याला काम कुठवर आलं विचारा, उत्तर येतं, 'सिमिलॅरिटी आठवर आणलीय.' यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलं. पुढे चाळीस आणि साठवर शिक्षेच्या पायऱ्या ठेवल्या, अगदी नोंदणी रद्द होण्यापर्यंत. हेतू चांगला होता. प्रबंधांतली घाऊक नक्कल रोखायला काहीतरी हवंच होतं. पण त्याच नियमांत एक रास्त तरतूद आहे: साम्य मोजताना संदर्भसूची वगळायची. रास्त अशासाठी की दोघांनी एकच पुस्तक वापरलं तर नोंद सारखीच दिसणार, तो गुन्हा नव्हे. परिणाम मात्र असा की प्रबंधाच्या ज्या पानांवर अशा खोट्या नोंदींची भुतं राहतात, त्या पानांकडे साम्य मोजणारं यंत्र बघतच नाही. आणि बघितलं तरी काय होणार? कधीच न लिहिलेल्या ग्रंथाचं नाव कशाशीच जुळत नाही. साम्य शून्य, रिपोर्ट स्वच्छ.

मराठी प्रबंधांची गोष्ट आणखी निराळी. आपले कितीतरी ग्रंथ कुठल्याही डेटाबेसमध्ये नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या समीक्षाग्रंथातली दहा पानं उचलली तर ती यंत्राला 'ओरिजिनल'च दिसणार. उलट जो प्रामाणिकपणे अवतरणचिन्हांत उतारा देतो, खाली लेखक, आवृत्ती, पान देतो, त्यालाच कधी कधी 'कोट्स कमी करा' असा सल्ला मिळतो.

टक्क्यांच्या या खेळात हरवतं ते तळटिपेचं खरं काम. त्यासाठी मी नेहमी महामहोपाध्याय पांडुरंग वामन काण्यांकडे बोट दाखवतो. त्यांचा 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' १९३० ते १९६२ असा प्रसिद्ध होत राहिला. पाच खंड, पानं साडेसहा हजारांच्या घरात. लेखक पेशाने हायकोर्टातले वकील, आणि ते पानोपानी जाणवतं. वर्ण, अस्पृश्यता, स्त्रियांचा वारसा असे हात पोळणारे विषय. वर काण्यांचं विधान, आणि खाली तळटिपेत मूळ संस्कृत वचन, ग्रंथाच्या नावानिशी, ठिकाणानिशी. मजकूर पानाच्या वरच्या भागात आक्रसून बसलाय आणि खाली टिपांचं राज्य आहे, अशी पानं कितीतरी. वाचक कंटाळतो, कबूल. पण ज्याला काण्यांचा निष्कर्ष पटत नाही त्याला वादाचं सामान दुसरीकडे शोधावं लागत नाही, काण्यांनीच ते त्याच्या पुढ्यात मांडून ठेवलंय. स्वतःला खोडून काढायची सोय स्वतः करून देणं, याला छातीच लागते.

याउलट आपल्या इतिहासाच्या वादांत 'बखरीत लिहिलंय' एवढं म्हटलं की लोक खिशात हात घालून मोकळे. कुठल्या बखरीत? सभासदाची बखर १६९० च्या दशकातली, म्हणजे शिवाजी महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या पिढीची. मल्हार रामराव चिटणिसांची शंभरावर वर्षांनंतरची. दोघांच्या साक्षीचं वजन सारखं कसं? इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक आपल्याला शिकवला गेलाय. भाषणातलं सोडून देऊ, पण प्रबंधातसुद्धा खंड आणि लेखांक न देता नुसतं 'राजवाडे' लिहून भागवलेलं दिसतं. बावीस खंडांत वाचकाने चाचपडत बसावं अशी अपेक्षा असावी.

स्वल्पविराम कुठे आणि साल कंसात की बाहेर, यावर कार्यशाळा भरपूर होतात. मला ती बाब दुय्यम वाटते. एपीए घ्या, एमएलए घ्या, नाहीतर आपलं जुनं 'तत्रैव' आणि 'उ. नि.' चालवा, फक्त एकच धरा. महत्त्वाचं आहे ते न वाचलेलं वाचल्यासारखं न दाखवणं. फ्रेंच विचारवंत फुको एखाद्या मराठी लेखातून कळला असेल तर त्या मराठी लेखाचं नाव द्यावं आणि 'यांनी उद्धृत केलेले' असं लिहावं. कमीपणा त्यात काही नाही. पॅरिसचा संदर्भ आणि वाचन मात्र सांगलीतल्या दिवाळी अंकाचं, हा प्रकार जाणत्या परीक्षकाला दोन प्रश्नांत कळतो. आवृत्तीही द्यावी, कारण पुनर्मुद्रणात पानं सरकतात. निबंधाला डीओआय असेल तर तो एकदा ब्राउझरमध्ये टाकून बघावा. भलतंच पान उघडलं किंवा काहीच उघडलं नाही, तर निदान तेव्हा तरी थांबावं.

आणि विद्यापीठांनी एक करून बघावं. व्हायव्हाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकाने सूचीतल्या मनाला येतील त्या पाच नोंदींवर खूण करावी आणि उमेदवाराकडे मागाव्यात. पुस्तक, झेरॉक्स, पीडीएफ, काहीही चालेल, ग्रंथालयातून आणायला दुपारपर्यंत वेळ द्यावा. पण प्रबंधात दिलेलं पान त्याने उघडून दाखवावं आणि तिथे तेच लिहिलंय का हे सगळ्यांसमोर वाचावं. असं होणार हे नोंदणीच्या वेळीच सांगून ठेवलं तर निम्म्या सूच्या आपोआप आखूड होतील. गाईडही तिथेच बसलेले असतात. त्यांच्या ताज्या शोधनिबंधातल्या दोन नोंदी त्यांच्याकडेही मागायला हरकत नाही.