फट रबर बँडने खरंच बुजते, पण दात राहतो का? दात सरकतात तेव्हा आत काय होतं?

रील साधारण अशी असते. आरशासमोर एक मुलगी, पुढच्या दोन दातांमध्ये फट. ती एक चिमुकला रबर बँड दोन्ही दातांभोवती अडकवते. कट. 'दहा दिवसांनी' फट गायब. खाली कमेंट, "ताई, कुठला रबर ते सांग ना." दवाखान्यात ज्या कामाला हजारो रुपये आणि दीड-दोन वर्षं सांगतात, ते रुपया-दोन रुपयांत होत असेल तर कोणालाही मोह होणारच.

आणि फट खरंच बुजते. खरी भानगड तिथूनच सुरू होते.

आपल्याला वाटतं दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तसं नाहीये. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलीमीटर जाडीचा. दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. त्यावर हलका पण सतत दाब दिला की दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथलं हाड काही पेशी हळूहळू पोखरतात आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. या कामाचा वेग महिन्याला साधारण एक मिलीमीटर. म्हणून तारेला वेळ लागतो, डॉक्टर उगाच खेटे घालायला लावत नाहीत. घाई करून जास्त दाब दिला तर त्या तंतूंचा रक्तपुरवठाच दबतो आणि दात सरकायचा थांबतो.

आता रबर बँड. दाताचं मूळ गाजरासारखं असतं, टोकाकडे निमुळतं. गाजराच्या जाड भागावर घट्ट रबर लावा, तो घसरून बारीक टोकाकडे जाणार. तोंडात ते टोक हिरडीच्या आत असतं. म्हणजे रबर हिरडीखाली शिरतो, दिसेनासा होतो आणि आपल्याला वाटतं पडला असेल कुठेतरी. आत तो मुळावरून सरकत तंतू आणि हाड दोन्हींची वाट लावत राहतो. मग हिरडी सुजते, पू येतो, दात हलायला लागतात. साध्या एक्स-रेमध्ये रबर सहसा दिसतही नाही. जराही न किडलेले पुढचे दोन दात अशाने गमावलेले रुग्ण आहेत. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेला या 'गॅप बँड'विरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला, तो यामुळेच.

हे झालं घरगुती प्रकरण. पण डॉक्टरांना बाजूला ठेवायचा प्रयोग कॉर्पोरेट पातळीवरही झालाय. स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकन कंपनी 2014 मध्ये सुरू झाली. घरी किट यायचं, आपणच दातांचा साचा घ्यायचा, पोस्टाने परत पाठवायचा आणि पारदर्शक अलायनर्स दारात हजर. मंजुरी देणारा डॉक्टर दूर कुठेतरी, बहुतेक ग्राहकांनी त्याला कधी पाहिलंच नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचं मूल्य सुमारे 9 अब्ज डॉलर धरलं गेलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये एका रात्रीत शटर ओढलं. 'आयुष्यभराची गॅरंटी' संपली. ज्यांचे दात अर्ध्या वाटेवर होते त्यांना सांगितलं, स्थानिक डेंटिस्टला भेटा. हप्ते मात्र भरत राहा!

बंद पडण्याच्या काही महिने आधी वॉशिंग्टन डीसीच्या अ‍ॅटर्नी जनरलशी झालेल्या तडजोडीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली. पैसे परत हवे असतील तर ग्राहकांकडून गप्प राहण्याच्या करारावर सही घेतली जात होती. अशा 17 हजारांहून जास्त लोकांना कंपनीने त्या करारातून मोकळं केलं. ऑनलाइन रिव्ह्यू वाचून निर्णय घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

अलायनर वाईट नाही. तो एक साधन आहे, जशी तार. प्रश्न असा की दात हलवण्याआधी हाड कोणी तपासलं? हिरड्यांचा आजार असेल तर हाड आधीच खाली गेलेलं असतं आणि ते आरशात किंवा मोबाइलच्या फोटोत दिसत नाही. एखादा दात हाडात आडवा अडकलेला असतो, कुणाची मुळं मुळातच आखूड असतात. एक्स-रेशिवाय हे कळणार कसं?

उत्तम डॉक्टरांकडेही धोके असतात, ते लपवण्यात अर्थ नाही. उपचारात मुळं थोडी झिजतात. बहुतेकांना ते जाणवतही नाही, पण काहींची झीज जास्त होते, म्हणून मध्ये पुन्हा एक्स-रे काढतात. ब्रश नीट केला नाही तर तार निघाल्यावर दातांवर पांढरे डाग उरतात. आणि दातांना जुन्या जागी परतायची खोड असते. माझा रिटेनर बारावीत टिश्यूत गुंडाळलेला कँटीनच्या कचऱ्यात गेला, नवा करायचा आळस केला आणि खालचा एक दात आज पुन्हा तिरका आहे. यात डॉक्टरांचा काही दोष नाही.

आपल्याकडे बीडीएस इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं. त्यानंतर दात सरळ करण्यातलं एमडीएस आणखी तीन वर्षांचं. त्यामुळे "तुम्ही ऑर्थोडॉन्टिस्ट आहात का, नोंदणी क्रमांक काय?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. घरी येऊन स्कॅन करणारी कंपनी असेल तर दर काही आठवड्यांनी माझं तोंड नेमका कोणता डॉक्टर बघणार, हे आधी विचारा. दात काढायचे सांगितले तर का, ते एक्स-रेवर दाखवायला सांगा. रिटेनरचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, हेही बघा. आणि उद्या पुण्याहून बंगळुरूला नोकरी लागली तर फाइल आणि एक्स-रे सोबत मिळतील का, तेही.

तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दुखतं, ते चालतं. पण रील बघून तुम्ही किंवा धाकट्या भावंडाने रबर लावला असेल आणि तो 'हरवला' असेल, तर दुखायची वाट बघू नका. आजच डेंटिस्टकडे जा आणि रबर लावला होता हे स्पष्ट सांगा. लाजून ते लपवलं, तर डॉक्टर हिरडीच्या साध्या आजारावर औषध देत राहतील आणि रबर आतच राहील.